वेफर्सचा करार

मी धुळ्यातल्या एका लॉ कॉलेजात करार कायदा शिकवतो. मुलांना खुनाचे खटले जास्त आवडतात. माल कधी पोचवायचा, खराब निघाला तर काय, असल्या गोष्टींसाठी वकील व्हायचं कशाला, असं बहुतेकांच्या चेहऱ्यावर असतं. सबीहा तिसऱ्या वर्षाला असताना एकदा तासाला उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मोडलेल्या करारांवरचे निकाल आपण वाचतो. पण करार मुळात लिहायचा कसा, हे कोण शिकवतं?"

मी म्हटलं, कॉलेज शिकवत नाही, ते ऑफिसात बसून शिकावं लागतं. "मग कुठल्या ऑफिसात?" तिने लगेच विचारलं, आणि तो प्रश्न तिने सोडला नाही. सुट्टी जवळ आली तशी ती दर दोन-चार दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहू लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या मुलांना महिनाभर कुठल्या तरी वकिलाकडे काम करावं लागतं. बहुतेक जण ओळखीच्या वकिलाच्या मागे कोर्टात फिरतात, फायली धरतात आणि सर्टिफिकेट घेऊन मोकळे होतात. सबीहालाही तसं सहज जमलं असतं. तिचे वडील खाजाभाई कूलरची कामं करतात, वाळ्याच्या ताट्या बदलणं, मोटर बांधणं. उन्हाळ्यात कोर्टातल्या निम्म्या वकिलांच्या घरी त्यांची फेरी असते. त्यांनी एकाला शब्दही टाकून ठेवला होता. मुलगी काळा कोट घालून कोर्टात उभी राहील, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर पक्कं होतं.

मी मात्र हेमलताला फोन केला. हेमलता भिरूड माझी वर्गमैत्रीण. मुंबईच्या एका मोठ्या फर्ममध्ये बरीच वर्षं काढून ती वडिलांच्या आजारपणात जळगावला आली आणि इथलीच झाली. पाइप बनवणारे, डाळ मिलवाले, केळी बाहेर पाठवणारे असे तिचे पक्षकार. कोर्टात ती क्वचितच जाते, त्यांचे करार लिहिते. माझं ऐकून घेऊन ती म्हणाली, "पाठव. पण माझ्याकडे मुलगी दमेल हं."

सबीहा जळगावला मेहरुणमध्ये तिच्या खालाकडे राहिली. खाला म्हणजे मावशी, जुबेदाबी. त्या चटईच्या कारखान्यात कामाला जातात आणि एकट्याच असतात, त्यामुळे भाची आल्याचा त्यांना आनंदच झाला. पहिल्या दिवशी सबीहा नवा ड्रेस घालून रिंग रोडवरच्या ऑफिसात पोचली, तेव्हा तिला वाटलं आपण चुकून बँकेत आलो. सगळे खाली मान घालून कॉम्प्युटरवर वाचत बसलेले. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. एसीमुळे तिला थंडी वाजली.

तिला काम द्यायचा तो अमृत, हेमलताचा ज्युनियर. तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, हुशार, बोलणं तुटक. त्याने तिला दोन मसुदे दिले आणि सांगितलं, कुठे काय बदललंय ते बघ. दुसऱ्या दिवशी कलमांचे आकडे बरोबर लागलेत का ते बघ. तिसऱ्या दिवशीही तेच. सबीहाचं इंग्रजी बेताचं, कायद्याचं इंग्रजी तर त्याहून अवघड. ती एकेक वाक्य बोट ठेवून वाचायची आणि मनात त्याचं मराठी करून मगच पुढे जायची. अमृतला तो वेळकाढूपणा वाटायचा आणि ते तो लपवायचाही नाही.

संध्याकाळी धुळ्याहून वडिलांचा फोन यायचा. आज कोर्टात काय झालं, ते विचारायचे. कोर्टात गेलेच नाही, हे तिने दोन दिवस सांगितलं, मग सांगायचं सोडून दिलं. एकदा तिने मला फोन करून विचारलं की सर, धुळ्याला परत आले तर चालेल का. मी म्हटलं, अजून आठवडाभर थांब, मग बघू.

त्या आठवड्यात रोनकचं काम आलं.

रोनक तिशीचा तरुण. त्याचे आजोबा भंवरलाल दाणाबाजारात धान्याचा व्यापार करायचे, वडीलही तेच करतात. रोनकला वेगळं काही करायचं होतं. फैजपूरजवळच्या एका गावात बायकांचा बचत गट केळीचे वेफर्स करतो. कच्ची केळी सोलून थेट तेलात त्यांचे काप पाडतात, वर मीठ-मिरी. रोनकने ते एका लग्नात खाल्ले आणि पुणे-मुंबईच्या दुकानांत हे विकायचंच असं त्याने ठरवलं. पॅकिंगचं मशीन घेतलं, नाव ठरवलं, दुकानदारांशी बोलणी केली. बायकांशी बोलणं झालं होतं, त्याही खूश होत्या. राहिला होता फक्त करार. तो हेमलताच्या ऑफिसने लिहिला, म्हणजे अमृतने.

सह्या घ्यायला अमृत आणि सबीहाने गावी जायचं होतं. ऐन वेळी अमृतला दुसऱ्या कामासाठी भुसावळला जावं लागलं. त्याने सबीहाला सांगितलं, "तू एकटीच जा. बोलणी सगळी झालेली आहेत. जिथे फुल्या केल्यात तिथे सह्या घे आणि ये." रोनकच्या कंपनीची जीप होतीच.

मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. जीप यावल ओलांडून गेल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या आणि हवा जरा सुसह्य झाली. गटाचं काम चालायचं ते शाळेशेजारच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तळण नुकतंच आटोपलं होतं. बायका हात पुसत सतरंजीवर येऊन बसल्या. गटाच्या अध्यक्ष सुंदरबाई, साठीच्या, अंगाने बारीक, आवाज मात्र मोठा. त्यांनी सबीहाला आधी पाणी दिलं, मग वेफर्सची ताटली पुढे केली, मग तिचं गाव, आईबाप, लग्न झालं की नाही, हे सगळं विचारून घेतलं. धुळ्याची आहे म्हटल्यावर कोणीतरी म्हणालं, म्हणजे अहिराणीवाली. सबीहा हसली आणि तिने गल्लीत शिकलेल्या अहिराणीत सांगितलं, "हा अक्का, आते बठ्ठं सांगस." आता सगळं सांगते, असं. बायका खळखळून हसल्या. इकडची बोली वेगळी, पण सगळ्यांना एकमेकींचं कळत होतं.

मग तिने कागद काढले. सुंदरबाईंनी ते हातात घेतले, उलटून पाहिले आणि परत दिले.

"पोरी, हे इंग्रजी आमाले येत नाई. तू आमच्या भाषेत सांग."

सबीहाला यात वावगं काही वाटलं नाही. ती पहिल्या कलमापासून सांगू लागली. मनात मराठी करायची सवय झालेली होतीच, आता ते तोंडाने बोलायचं एवढंच. वेफर्स कसे असावेत, पाकिटं कोणी द्यायची, हिशेब कधी करायचा. बायका मान डोलवत होत्या. मग एक कलम आलं की पाच वर्षं गटाने आपला माल कंपनीशिवाय दुसऱ्या कोणालाही विकायचा नाही. कमलबाई नावाच्या एका बाईने विचारलं, बाजाराच्या दिवशी पण नाही? सबीहाने पुन्हा वाचून पाहिलं आणि सांगितलं की नाही. जत्रेत? नाही.

शेडमध्ये जरा कुजबुज झाली. सबीहा पुढे वाचत गेली. दोन पानं पुढे गेल्यावर तिला आणखी एक कलम लागलं. कंपनीला जेव्हा आणि जेवढा माल लागेल तेवढाच ती मागेल, घ्यायलाच पाहिजे असं कंपनीवर काही बंधन नाही. हे वाक्य तिने ऑफिसात दोनदा वाचलं होतं, आकडा बरोबर आहे का ते तपासलंही होतं. पण तेव्हा ती वाक्यं पानांवर एकमेकांपासून लांब होती. आता आधीचं वाक्य तिच्या कानात अजून ताजं होतं, आणि हे दुसरं तोंडातून बाहेर पडता पडता तिचा आवाज खाली आला.

सुंदरबाईंनी ते बरोबर टिपलं. "म्हंजे घ्यायचं का नाई ते त्याईच्या मनावर, अन् आमी दुसऱ्याले द्यायचं नाई. असंच ना?"

"असंच लिहिलंय," सबीहा म्हणाली.

सुंदरबाईंनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तुही माय इथं असती, तं तिले सही करायले सांगितलं असतं का तू?"

सबीहाने मला नंतर सांगितलं की त्या क्षणी तिला ऑफिस, अमृत, रोनक, काही काही आठवलं नाही. समोर फक्त सुंदरबाई होत्या आणि त्यांनी प्रश्न विचारला होता.

"नसतं सांगितलं," ती म्हणाली.

सह्या झाल्या नाहीत. बायका तिच्यावर रागावल्या नाहीत, उलट निघताना तिच्या हातात वेफर्सची एक मोठी पिशवी दिली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तिला हळूहळू कळायला लागलं की आपण काय करून बसलो. यावलला तिने जीप थांबवायला लावली आणि अमृतला फोन केला. काय विचारलं गेलं आणि आपण काय उत्तर दिलं, ते तिने जसंच्या तसं सांगितलं. अमृतने एवढंच म्हटलं की हे तूच मॅडमना सांग, आणि फोन ठेवला.

हेमलताने तिला केबिनमध्ये बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "तू तिथे कोणाच्या वतीने गेली होतीस?"

"कंपनीच्या."

"मग त्या बायकांनी सही करावी की करू नये, हे सांगणारी तू कोण?"

सबीहा रडायच्या बेतात होती, पण रडली नाही. तिने विचारलं की मग मी खोटं सांगायला हवं होतं का. हेमलता म्हणाली, खोटं कोणीच सांगायचं नाही. कागदात जे आहे ते तू सांगितलंस, इथपर्यंत ठीक. त्यांनी सल्ला विचारला तेव्हा म्हणायचं होतं, की अक्का, मी समोरच्या बाजूची आहे, हा प्रश्न तुम्ही तुमच्या वकिलाला विचारा. "समोरच्या बाईला तू आवडलीस म्हणून तू तिची वकील होत नाहीस. तिने तुझ्यावर भरवसा ठेवला आणि उद्या तुझ्यामुळेच तिचं नुकसान झालं, तर?"

सबीहाला हे तोवर सुचलंच नव्हतं. आपण बायकांची बाजू घेतली याचंच तिला मनातून थोडं बरं वाटत होतं. ते आता वाटेनासं झालं.

मग हेमलताने कराराची प्रत उघडली आणि ती दोन कलमं स्वतः वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढून ठेवला. अमृतला आत बोलावलं. ती कलमं पाइपच्या एका वितरकाच्या जुन्या करारातून आली होती, तिथे ती चालून गेली होती. अमृतने मान खाली घातली. हेमलता म्हणाली, "मसुदा माझ्या नजरेखालून गेलेला आहे, तेव्हा ही चूक माझी. पण सबीहा, तुझं जे चुकलं ते यामुळे पुसलं जात नाही. त्या बायकांना पत्र लिही."

ते पत्र सबीहाने लिहिलं, मराठीत, स्वतःच्या हाताने. मी कंपनीच्या वकिलांकडे शिकायला आलेली विद्यार्थिनी आहे, मी जे मत दिलं ते देण्याचा मला अधिकार नव्हता, कृपया आपला वकील गाठून सल्ला घ्या, कंपनी तोवर थांबेल. ती म्हणते, परीक्षेचा कुठलाही पेपर लिहिताना एवढा त्रास झाला नव्हता. त्यानंतर ते काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं. ती पुन्हा आकडे तपासायला बसली. अमृत तिच्याशी कामापुरतंही नीट बोलत नव्हता.

रोनक ऑफिसात आला तो तणतणतच. पुण्याच्या दुकानांना त्याने तारखा दिल्या होत्या. हेमलताने त्याला बसवलं, ताक दिलं आणि विचारलं की तुला भीती नेमकी कशाची आहे. रोनक म्हणाला, मी यांना मशीन देणार, पाकिटं देणार, बाजारात नाव करणार, आणि मग एखादी मोठी कंपनी येऊन यांना उचलून नेणार. जत्रेत कोणी चार पाकिटं विकली तर माझं काय जातं? हेमलताने विचारलं, मग तुझ्या करारात जत्रा बंद का आहे? रोनकला ते माहीतच नव्हतं. त्यानेही करार वाचला नव्हता, सही तेवढी केली होती.

हे ऐकल्यावर हेमलताने ठरवलं की या कराराची मराठी प्रत करायची, आणि ती आधी करायची. इंग्रजी नंतर तिच्यावरून लिहायचं. कायद्याचं मराठी लिहिणारे जळगावात पुष्कळ आहेत, पण त्यांचं मराठी वाचून पुन्हा दुसऱ्या मराठीत सांगावं लागतं. तिने सबीहाला बोलावलं.

आठ-दहा दिवस सबीहा तेवढंच करत होती. जुन्या करारात 'मानवी नियंत्रणापलीकडील अपरिहार्य परिस्थिती' अशा अर्थाचं एक इंग्रजी कलम होतं. तिने लिहिलं, 'वादळात बागा आडव्या झाल्या, केळीवर करपा पडला, पूर आला किंवा वीज सलग बंद राहिली, तर माल वेळेवर दिला नाही म्हणून गटाला दोष देता येणार नाही.' अमृतला ते वाचून दाखवलं तेव्हा त्याने विचारलं, संचारबंदी लागली तर? कामगार आजारी पडले तर? ती म्हणाली, तेही लिहू. मग तो खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. तिला सोपं लिहिता यायचं आणि त्याला काय सुटलंय ते दिसायचं. दोन दिवसांनी त्याने आपल्या डब्यातली शेवभाजी तिच्यापुढे सरकवली.

संध्याकाळी ती लिहिलेलं खालाला वाचून दाखवायची. जुबेदाबी दिवसभर कारखान्यात उभं राहून आलेल्या असायच्या. पाय पसरून, डोळे मिटून ऐकायच्या. त्यांचं मराठी बाजारापुरतं. एखाद्या वाक्याला त्या डोळे उघडून म्हणायच्या, "ये क्या बोली तू?" की सबीहा ते वाक्य खोडायची. काही वाक्यं तिने चार-चार वेळा लिहिली.

बचत गटाने यावलच्या एका वकिलांना गाठलं होतं. त्यांचं आणि हेमलताचं फोनवर बरंच बोलणं झालं, थोडी ओढाताणही झाली. शेवटी ठरलं ते असं: कंपनी दर महिन्याला ठरलेला किमान माल घेईलच. गट दुसऱ्या कंपनीला माल देणार नाही, पण गावच्या बाजारात, जत्रेत आणि आपल्या शेडवर हवा तेवढा विकेल. कंपनीने परत केलेला माल सुटा विकायलाही गटाला मुभा. मुदत पाचाची तीन वर्षं झाली. रोनकला मशीनची काळजी होती, म्हणून गट मध्येच सोडून गेला तर मशीन परत, हेही आलं.

सह्या ऑफिसात झाल्या. सबीहाचा महिना संपत आला होता. बायका जीप भरून आल्या, ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून. एसीत त्यांनाही थंडी वाजली. त्यांच्या वकिलांनी करार आधीच समजावलेला होता, तरी सुंदरबाई म्हणाल्या की एकदा सगळ्यांसमोर वाचा. अमृतने प्रत उचलली. सुंदरबाईंनी मान हलवून सबीहाकडे बोट केलं. सबीहाने हेमलताकडे पाहिलं, तिने मानेनेच होकार दिला.

वाचायच्या आधी सबीहा म्हणाली, "अक्का, मी कंपनीच्या बाजूची आहे. काही अडलं तर तुमच्या वकिलांना विचारा."

"ठाऊक हाये," सुंदरबाई म्हणाल्या. "तुहं पत्र आलं व्हतं ना. वाच आता."

तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. रोनक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकत होता आणि मध्येच एकदा, वितरणाच्या कलमाला, त्यानेच हात वर करून हे मला कळलं नाही म्हणून सांगितलं. बायकांना त्याचं फार हसू आलं. ते वाक्य तिथेच दुरुस्त झालं. मग सह्या झाल्या. कमलबाईंनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि लिहून झाल्यावर कागद जरा लांब धरून ते पाहिलं.

हेमलताने दिलेलं सर्टिफिकेट मी पाहिलं आहे. त्यात नेहमीचाच मजकूर आहे. पण खाली तिने पेनाने एक ओळ लिहिली आहे की दिवाळीच्या सुट्टीत ही पुन्हा आली तर आम्हाला हवी आहे.

सबीहा दिवाळीत गेली, पुढच्या उन्हाळ्यातही गेली. वेफर्स गणपतीनंतर पुण्याला जायला लागले. पहिल्याच महिन्यात एक खेप दमट हवेने मऊ पडली आणि परत आली, बायकांनी ती गावच्या बाजारात सुटी विकली, भांडण काही झालं नाही. खाजाभाईंना मुलगी नेमकं काय काम करते हे कळायला वेळ लागला. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एका दुकानदाराशी वर्षभराच्या कूलर दुरुस्तीचं ठरवलं, तेव्हा त्याला सांगितलं म्हणे, दोन दिवस थांबा, आमच्या सबीहाला विचारून लिहून देतो.

ती आता पाचव्या, शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाल्या की हेमलताकडे रुजू होणार, पगाराचं बोलणं झालेलं आहे. मधल्या काळात तिने माझ्याकडून शनिवारची दुपार मागून घेतली. खालच्या वर्गातली दहा-बारा मुलं येतात आणि करार लिहायला शिकतात, खोली भाड्याने घेण्याचा, मेसचा, दोन मित्रांनी मिळून झेरॉक्सचं दुकान टाकण्याचा. परवा मी सहज डोकावलो. साक्रीकडून आलेला एक मुलगा आपल्या खोलीच्या भाड्याचा करार वाचत होता. घरमालक वाटेल तेव्हा खोलीत येऊ शकेल, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. आपलं काय चुकलं ते त्याच्या ध्यानात येईना. सबीहा फळ्याला टेकून उभी होती. तिने त्याला काही सांगितलं नाही. शेजारच्या मुलीला म्हणाली, तू घरमालक हो, आणि याच्या खोलीत शीर.